चिखलात पूल कसा उभा राहिला?

आमच्या हमरापुरात भाताच्या चिखलात काठी रोवली की ती खाली जाते. पण गणपतीचा रुंद पाट ठेवला तर तो बुडत नाही, कारण वजन पसरते. हीच युक्ती एका पुलाला वापरली.

भाईंदर आणि नायगाव यांच्या मध्ये वसईची खाडी आहे. खाली सगळा चिखल. १८६४ साली मुंबईहून अहमदाबादपर्यंत आगगाडी सुरू झाली, तेव्हा इथे लोखंडी पूल बांधला. खांबांच्या टोकाला स्क्रूसारखे रुंद पाते होते. खांब गोल फिरवत फिरवत जमिनीत घातले. वर लोखंडी त्रिकोणांचे गर्डर बसवले. आता तिथे नवे पूल आहेत.

असा खांब आयर्लंडच्या अलेक्झांडर मिचेल यांनी शोधला. १८३३ साली त्याचे पेटंट घेतले. त्यांची दृष्टी तरुणपणीच गेली होती! तरी त्यांनी हे काम केले. मला याचे फार नवल वाटते.

करून पाहा : चार काड्यांचा चौकोन आणि तीन काड्यांचा त्रिकोण दोऱ्याने बांधा. कोपरा दाबा. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून पुलात त्रिकोण असतात.

— इयत्ता चौथी