फळ तेच, भाव वेगळा

ताईंनो, पालघर जिल्ह्यात समुद्राकाठी बोर्डीला चिकूची वाईन करणारी छोटी वायनरी आहे. पिकलेला चिकू दोन-चार दिवसांत मऊ पडतो, मग मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. रसातली साखर यीस्ट खातं, त्याची वाईन होते आणि ती टिकते. पण त्याला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो; घरी करून विकणं गुन्हा आहे.

आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेला बेदाणा बरा. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. द्राक्षं २५ रुपये किलोनं घेतली, तर १०० रुपये फळाचेच. वर मजुरी, शेडभाडं, पॅकिंग. एवढं भागून चार पैसे उरत नसतील, तर गटाचं कर्ज उचलायची घाई नको. पुढच्या बैठकीत हा हिशोब वहीत मांडून बघा.

– क्षेत्र समन्वयक, भवानी पेठ, सोलापूर