बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी नावाजलेला. आंबेगावातूनही शेतकरी आळेफाटामार्गे तिथं जातात. माझ्या चुलत्यांनी पेरणीच्या तोंडावर तिथूनच बैल आणला. दुपार कलली होती, बाजार उठत आला होता. हेड्यानं टॉवेलाखाली बोटं दाबली, भाव जुळला, रोकड हातात पडली. पावती कुणी केलीच नाही. पहिल्याच औताला बैल मागचा पाय टेकवेना. पुढच्या सोमवारी विकणारा दिसला नाही, आणि हातात कागद नाही म्हटल्यावर दाद तरी कुणाकडे मागणार? ऐन वापशावर भाड्याचा ट्रॅक्टर शोधावा लागला.

म्हणून सांगतो, बाजारात सकाळीच पोचा. आधी पैसे न काढता एक पूर्ण फेरी मारा. दावणीला बांधलेला बैल सगळाच देखणा दिसतो. त्याला सोडायला लावून चालवून बघा, जमल्यास चढाला. चारही खूर उचलून पाहा. खांद्यावर सूज किंवा जुनी जखम आहे का, ते हात फिरवून तपासा.

दात स्वतः मोजा. बैलाला पुढचे दात खालच्याच जबड्यात असतात, एकूण आठ. दुधाचे दात न पाडलेला तो आदत. अडीच वर्षांच्या सुमारास दोन दाती होतो, मग चार, सहा, आणि पाचेक वर्षांचा झाला की जुळतो. जुळल्यानंतर दातांची झीज बघून वय ओळखायचं असतं. तिथं जाणता माणूस सोबत हवाच.

अंगावर गाठी असल्या तर दूर राहा. 2022 मध्ये लम्पीमुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते. नवं जनावर घरी आणलं तरी काही दिवस गोठ्यापासून वेगळं बांधा.

16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, तेव्हापासून पळणाऱ्या खोंडांची हवा आहे. औताला बैल हवा असेल तर त्या हवेत भाव चढवून घेऊ नका. नांगराला लागतो तो शांत स्वभाव आणि मजबूत खांदा.

टॉवेलाखालचा व्यवहार जुना आहे; पण बोटांची खूण समजत नसेल तर भाव तोंडानं, चारचौघांत बोलायला लावा. त्यात कमीपणा नाही. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक पावतीवर लिहून घ्या. पावतीवर विकणाऱ्याचं नाव, गाव आणि ठरलेली रक्कम हवीच. गाडीत भरण्याआधी पशुवैद्यकाचा दाखलाही घ्या.

बैलात शेतकऱ्याची वर्षाची पुंजी अडकते. समोरचा कितीही घाई करो, पावती हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका. पावतीला जो नाही म्हणेल, त्याचा बैल कितीही आवडला तरी सोडून द्या. पुढच्या सोमवारी बाजार पुन्हा भरतोच.