मोतिया की सोफिया?

प्रश्न : आमच्या आजीच्या गुडघ्यांना रोशाचं तेल चोळायचे. बाटलीचं बूच काढलं की घरभर गुलाब. परवा मुद्दाम शोधून तसंच तेल आणलं, तर वास भलताच उग्र. दुकानदार म्हणतो, "गवत तेच हो, हे सोफिया आहे." गवत तेच, तर तेल वेगळं कसं? हा जमिनीचा गुण का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : दुकानदार खोटं बोलला नाही, पण तुम्हाला हवं ते तेलही त्यानं दिलं नाही. रोशा म्हणजे सिम्बोपोगॉन मार्टिनी, आपल्या गवती चहाचं भावंड. रानात त्याचे दोन वाण आढळतात, मोतिया आणि सोफिया. दोन्ही शेजारी उभे केले तर जाणकारही क्षणभर घुटमळतो. पान चुरगळून नाकाशी नेलं की मात्र शंका उरत नाही. मोतियाच्या तेलात पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त जिरॅनिऑल असतं. गुलाबाच्या अत्तरातलं एक मुख्य द्रव्यही हेच, म्हणून आजीच्या बाटलीत गुलाब होता. सोफियात जिरॅनिऑल कमी आणि लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोल अशी मंडळी जास्त. बाजारात मोतियाला 'पामरोझा' म्हणतात, सोफियाला 'जिंजरग्रास'. भावही अर्थातच मोतियाला चढा.

या गुलाबी वासापायी एक मजेशीर व्यापार चालला. खानदेश, निमाड, वऱ्हाडच्या डोंगरांत पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यावर येई. ओढ्याकाठी भट्ट्या लागत, कारण वाफ थंड करायला वाहतं पाणी हवं. तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेनं इस्तंबूलला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मुरवलं जाई. युरोपातले व्यापारी याला 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणत. ते तुर्कस्तानचंही नव्हतं आणि जिरेनियमचंही नव्हतं! भेसळ ती भेसळच, पण आपल्या गवताचं नाक वर करणारी.

आता जमिनीचं. तुमची शंका रास्त आहे, कारण मोतिया सहसा कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर विरळ उगवतो, तर सोफिया खालच्या ओलसर जागी दाटीनं माजतो. म्हणजे माती बदलली की वास बदलला, असंच वाटणार. पण दोन्हींचे ठोंब खणून एकाच वाफ्यात लावा. मोतिया मोतियाच राहील, सोफिया सोफियाच. मोतियाची लागवड करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. बियाण्यात सोफिया मिसळला तर जमीन कितीही चांगली असो, तेलाची प्रत घसरते. पाऊस, ऊन, कापणीची वेळ यांनी तेल किती उतरेल आणि त्यातली प्रमाणं थोडी इकडेतिकडे कशी होतील ते ठरतं. जात मात्र बियाण्यातून येते.

मग वास आणि जागा यांची जोडी जमते कशी? याचा सर्वांत नीट तपासलेला दाखला दक्षिण फ्रान्समधला आहे. माँपेलिएच्या उत्तरेला सँ-मार्तँ-द-लोंद्र नावाचं गाव आहे, चहूबाजूंनी टेकड्या आणि मध्ये खोलगट भाग. तिथे रानोमाळ थाइम उगवतं. हे तुळशीच्या कुळातलं झुडूप, पण त्याच्या काही रोपांना चक्क ओव्याचा वास येतो, कारण ओव्यातलं थायमॉल त्यांच्यातही असतं. काहींत कार्व्हाक्रॉल, काहींत लिनालूल, काहींत आपलं जिरॅनिऑल. असे सहा प्रकार, आणि दिसायला सगळी एकसारखी.

कोणत्या रोपाला कोणता वास हे ठरतं पाटाच्या पाण्यासारखं. वरचं दार उघडं असेल तर पाणी तिथेच वळतं, टेलच्या शेताला थेंब मिळत नाही. थाइममध्ये जिरॅनिऑलचं दार सर्वांत वर आणि थायमॉलचं शेत टेलला. वरची सगळी दारं बंद असली तरच रोपाला ओव्याचा वास. म्हणूनच जिरॅनिऑलवाल्या रोपाच्या बियांतून एखादं ओव्याच्या वासाचं पिल्लू निघू शकतं. फांदी लावली तर मात्र आईचाच वास.

टेकड्यांच्या उतारावर थायमॉल-कार्व्हाक्रॉलवाली रोपं, खोलगट तळाशी बाकीची. थंडीच्या रात्री जड, गार हवा खाली साचते. निफाडकडच्या द्राक्षवाल्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. सुरुवातीच्या हिवाळ्यातली कडक गोठण थायमॉल-कार्व्हाक्रॉलवाल्यांना सोसत नाही. उन्हाळ्यातला कोरडेपणा मात्र त्यांना चांगला मानवतो. त्यामुळे प्रत्येकाचं बी दोन्हीकडे पडत असलं, तरी तळाशी टिकली ती थंडी सोसणारी. १९७० च्या दशकात या भागातली रोपं वासानुसार मोजून ठेवली होती. २००९-१० मध्ये त्याच जागा पुन्हा तपासल्या, तेव्हा पूर्वी जिथे थायमॉल-कार्व्हाक्रॉल नव्हतं अशा काही ठिकाणीही ते सापडलं. मधल्या काळात हिवाळे सौम्य झाले होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये तिथे पडली होती तसली थंडी पुन्हा क्वचितच पडली. चाळीसेक वर्षांत डोंगराचा वास सरकला म्हणायचा.

याचा औषधाशी थेट संबंध आहे. युरोपियन फार्माकोपियात औषधी थाइमच्या तेलात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल मिळून निदान ४० टक्के हवं, अशी अट आहे. जिरॅनिऑलवालं रोप अस्सल थाइम असूनही या परीक्षेत नापास. वनस्पतीचं नाव बरोबर असणं पुरेसं नाही, हे औषधवाल्यांना केव्हाच कळलंय. बाटलीवर फक्त 'रोशा तेल' छापणाऱ्यांना ते कळायचंय.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात रोशा मागू नका, मोतिया मागा. कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेऊन मिनिटभर थांबा, मग हुंगा. आणि आधी आणलेलं सोफिया टाकू नका. साबणात घालायला छान असतं.