तीर्थ : तिघांचे सहवादन

संस्कृतातील ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याचा उतार असा आहे. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूर येथील सद्गुरुस्वामींनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी असाच एक उतार संगीतात सिद्ध केला. जयदेवाच्या अष्टपदी, पुरंदरदासांची व भद्राचल रामदासांची पदे आणि मराठी राजवटीबरोबर तंजावरला पोहोचलेले अभंग या भजनपरंपरेत एकत्र नांदू लागले. एकाने दुसऱ्यासाठी आपली भाषा सोडली नाही.

भिन्न परंपरांच्या अशा सहवासाचे अलीकडील उदाहरण म्हणजे २०११ साली प्रसिद्ध झालेली ‘तीर्थ’ ही जॅझ ध्वनिमुद्रिका होय. अमेरिकेत तमिळ कुटुंबात १९७१ साली जन्मलेले पियानोवादक विजय अय्यर, कर्नाटक संगीत गिटारवर वाजविणारे प्रसन्न आणि हैदराबादचे तबलावादक नितीन मिट्टा हे तिचे तीन भागीदार. यातील रचना अय्यर व प्रसन्न यांच्या आहेत.

जॅझमधील रूढ पियानो-त्रयीत पियानो, डबल बेस व ड्रम ही वाद्ये असतात. प्रारंभी इतर दोघांचे काम बहुधा पियानोची संगत करण्याचे असे. बिल इव्हान्स, स्कॉट लाफारो व पॉल मोशन यांनी २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या वादनात बेस व ड्रमही संवादात उतरले. संगतीचे सहवादन झाले.

‘तीर्थ’मध्ये बेस व ड्रम नाहीत, त्यामुळे खर्जाचा भार पियानोवादकाचा डावा हात आणि तबलजीचा डग्गा यांच्यावर पडतो. दुसरी अडचण स्वरांची. पियानोच्या प्रत्येक पट्टीचा स्वर ठरलेला असतो. दोन स्वरांमधील मींड वा गमक त्यावर काढता येत नाही. गिटारची तार मात्र ओढता येते, तिच्यावर बोट घसरवता येते. म्हणून गमक गिटारकडे राहते, आणि एकाच वेळी अनेक स्वर उमटविण्याचे सामर्थ्य पियानोचे. पियानोने वीणेचे सोंग घेण्याचे कारण उरत नाही.

पूर्व-पश्चिम मिलाफाच्या पुष्कळ प्रयोगांत तबला केवळ रंगतीपुरता येतो आणि रागाचा उपयोग सजावटीसारखा होतो. तिघांपैकी एकाला जरी असे गौण स्थान मिळाले, तरी सहवादन संपते व संगत उरते. कोणत्याही मिश्र संगीताची परीक्षा येथेच करावी : प्रत्येक वाद्य आपल्या मर्यादेसह ऐकू येते की नाही, आणि त्यातील एक थांबले तर इतरांना त्याची उणीव भासते की नाही.