माइकसमोर गावचा कारभार

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सामुदायिक रेडिओ केंद्रावर, मी अनेक वर्षं फोन-इन कार्यक्रम घेते आहे. पाणी, रस्ता, रेशन, घरकुल, शाळेचं गळकं छप्पर, डॉक्टरविना दवाखाना हे आमचे विषय. केंद्राची ताकद १०० वॉट, अँटेना ३० मीटरवर; आवाज फार तर दहा-पंधरा किलोमीटर जातो. एवढ्या टापूत जो बोलतो आणि ज्याच्याविषयी बोललं जातं, ते दोघं आठवडी बाजारात समोरासमोर येतात. आमच्या कामाची सगळी अवघड बाजू यातच आहे, आणि सगळं बळही. नव्याने माइकसमोर बसणाऱ्या मुलामुलींसाठी काही गोष्टी लिहून ठेवते.

१. नियम पाठ करा, आणि तो कुठे संपतो तेही.

हवेतल्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना, कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्यानंतरच, २००८ मध्ये सुरू झाली. पण मुभेसोबत अट आली: स्वतःच्या बातम्या आणि राजकीय स्वरूपाच्या घडामोडी प्रसारित करायच्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मात्र आहेत तशा ऐकवता येतात. हवामान, वीज, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल, नोकरभरती, साथीच्या रोगांच्या सूचना यांना नियम बातमी मानत नाही. म्हणजे ‘उद्या पाणी येणार नाही’ हे आम्ही बेधडक सांगू शकतो. ‘का येणार नाही’ हे विचारलं की कुणीतरी नियमाकडे बोट दाखवतं.

वर्तमानपत्राला, टीव्हीला, हातातल्या मोबाइलला हे बंधन नाही. फक्त आकाशवाणीखेरीजच्या रेडिओला आहे. मला ही बंदी अन्यायाची वाटते आणि मी ते संधी मिळेल तिथे बोलते. तोवर आमच्या केंद्राने आखलेली रेघ अशी आहे: पक्ष, उमेदवार, निवडणूक आणि व्यक्तीवरचा आरोप हवेवर नाही. काम, तारीख, नियम आणि जबाबदार पद हवेवर हमखास.

२. पक्षाचं नाव निघालं की पाणी मागे पडतं.

फोन लागला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा असंच येतं: “ताई, ही टाकी अमक्याच्या काळातली, म्हणून तमके तिला पाणी चढवू देत नाहीत.” त्या बाईंना गप्प करायचं नाही. त्यांचा राग खरा आहे. फक्त विचारायचं, “मावशी, तुमच्या नळाला शेवटचं पाणी कधी आलं होतं? किती वेळ होतं? तुमच्या गल्लीत किती घरं?” लगेच आवाज बदलतो. मावशी दिवस मोजून सांगतात, हंडे मोजून सांगतात. मग मी सांगते की २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. पाच माणसांचं घर असेल तर २७५ लिटर. मावशी पलीकडे हिशेब करतात आणि म्हणतात, “बाई, आमच्याकडं तर आठवड्यालाबी एवढं येत न्हाई.”

हे एक वाक्य हवेवर गेलं की त्यात कुठल्याच पक्षाला हात घालायला जागा राहत नाही. दुसऱ्या गटाच्या माणसाच्या घरातही तोच नळ असतो, तीही बाई पुढच्या फोनला येते. दोन्ही आळ्या एकाच टाकीबद्दल बोलू लागल्या की पाणी सोडणाऱ्या शिपायालाही बोलवता येतं. तो येतो आणि मोटर जळाल्याचं, डीपीवर लोड येत असल्याचं सांगतो. खरं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं, आणि ते भांडणाहून वेगळं असतं.

३. कागद वाचून दाखवा. पुन्हापुन्हा.

लोक सगळ्यात कान देऊन काय ऐकतात, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, त्यांच्याच ग्रामपंचायतीचा कागद. गाणी नंतर. आमच्याकडे सर्वांत जास्त फोन आले ते आम्ही एका गावाचा विकास आराखडा ओळ न् ओळ वाचला तेव्हा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) साठ टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची. उरलेली चाळीस टक्के अबंधित. ही साधी गोष्ट बहुतेक गावकऱ्यांना ठाऊक नव्हती. त्यामुळे ‘पैसाच नाही’ या उत्तरावर ते परत फिरत होते. आराखड्यात ‘गटार दुरुस्ती, अमुक घरापासून तमुक घरापर्यंत’ असं वाचलं की त्या दोन घरांमधला माणूस उठून दारात जाऊन बघतो. एवढी थेट तपासणी वरून आलेलं कुठलंही पथक करत नाही.

ग्रामसभेचंही तसंच. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. पण गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची गरज उरत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. पहिल्या सभेला लोक येत नाहीत, दुसरीची खबर लागत नाही, आणि ठराव मूठभर माणसांत मंजूर होतात. म्हणून आम्ही तहकूब सभेची तारीख पहिल्या सभेपेक्षा जास्त वेळा सांगतो. दवंडीची जागा रेडिओने घेतली तर अशी घ्यावी.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते हवेवर शिकवा. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. श्रोत्याने स्वतः मिळवलेला कागद स्वतःच्या आवाजात वाचला, तर त्याहून चांगला कार्यक्रम मला माहीत नाही.

४. सरपंचबाईंना स्वतः बोलू द्या.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या त्याला आता दशक उलटून गेलं, २०११ पासून. पण सरपंचांचा म्हणून दिलेला नंबर फिरवला की पुरुषाचा आवाज येतो: “बोला, मीच बघतो सगळं.” आमचा शिरस्ता ठरलेला आहे. “दादा, वहिनींना द्या, त्यांची सही लागते त्या कामाबद्दल विचारायचंय.” फोन दिला नाही तर कार्यक्रमाची वेळ बदलतो, पण दादांना माइक देत नाही. यावरून रुसवेफुगवे झाले, होतात, होऊ देत. ध्वनिमुद्रणाला शेतात गेलो, कापूस वेचताना बोललो. एक बाई पहिल्यांदा बोलल्या तेव्हा आवाज कापत होता. पुढच्या खेपेस त्यांनी अंगणवाडीच्या खोलीचा हिशेब तोंडपाठ सांगितला. गावातल्या मुलींनी तो ऐकला, याचं मोल मला फार वाटतं.

कार्यक्रमाची वेळही बायकांना विचारून ठरवा. सकाळी सातला भाकरी थापत असलेली बाई फोन लावत नाही. आणि ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते, ती कागदोपत्रीच उरकली जाते का, हेही विचारत राहा.

५. आरोप नको, हक्क सांगा.

“रेशन दुकानदार मापात मारतो” असा फोन आला की नाव हवेवर जाऊ द्यायचं नाही. शहानिशा झालेली नसते आणि फोन करणाऱ्याचा आवाज सगळा गाव ओळखतो. उद्या त्रास त्यालाच. त्याऐवजी आम्ही सांगतो: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य, अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे पस्तीस किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत. अंगठा दिल्यावर यंत्रातून निघणारी पावती मागून घ्या. घरी आल्यावर वजन करा. हे महिनाभर रोज सांगा. दुकानदारही रेडिओ ऐकतो.

६. उत्तर घ्याल तर तारखेसकट घ्या.

तहसीलदार, गटविकास अधिकारी, वीज कंपनीचे अभियंते बोलवलं की बहुतेक येतात. ‘लवकरच होईल’ म्हणाले तर हसून विचारावं, “साहेब, पोळ्याआधी की दिवाळीआधी?” सणाचं नाव घेतलेलं श्रोता विसरत नाही. प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे. आम्ही त्याहून जास्त ठेवतो. पोळा उलटला की साहेबांचंच वाक्य ऐकवतो, सोबत एक शब्दही जोडत नाही, आणि त्यांना पुन्हा बोलावतो. काम झालं असेल तर तेही तितक्याच ठळकपणे सांगतो. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) भाऊसाहेबांकडे तीन-तीन गावं असतात. त्यांनी काम केल्याचं कुणी सांगतच नाही.

७. आचारसंहिता लागली की पाणी थांबत नाही.

त्या काळात पदाधिकाऱ्यांना बोलवत नाही. टँकर, दवाखाना, रेशन यांबद्दल कर्मचाऱ्यांना विचारतच राहतो. मतदार यादीत नाव कसं बघायचं ते सांगतो.

८. पैसा कुणाचा, हे श्रोत्याला कळू द्या.

तासाला सात मिनिटं जाहिराती चालत. २०२४ मध्ये ती मर्यादा बारा मिनिटांवर गेली. तालुक्यात जाहिरात देणारे किती? बियाण्यांचं दुकान, खाजगी शिकवणी, आणि ज्यांच्या कामाबद्दल आम्ही प्रश्न विचारतो ते ठेकेदार. आम्ही रस्त्याचा विषय थांबवला तर वर्षभराची जाहिरात देतो, असं त्यांतल्या एका ठेकेदाराने सांगितलं होतं. व्यवस्थापन समितीत त्यावर दोन संध्याकाळी वाद झाला, कारण विजेचं बिल थकलं होतं आणि निवेदकांचं मानधनही. शेवटी समितीने नकार कळवला आणि बचत गटांकडे गेलो. गटांनी वर्गणी काढून बिल भरलं. रस्त्याचा कार्यक्रम ठरल्या वेळी लागला, आणि त्यात कामाचं अंदाजपत्रक वाचलं ते त्याच गटांतल्या एका सदस्येने.