दांड्याआधी जाळी बघ

अगं, नव्या घराच्या भरात तू काय काय मागवशील याचा नेम नाही, म्हणून आधीच बोलते. तो तांब्याच्या रंगाचा फ्रेंच प्रेस मनात भरलाय ना? घे की! पण नुसत्या रंगावर भाळू नकोस.

कॉफी करायची ही वस्तू आतून अगदी साधी असते. काचेचं भांडं, दांडा आणि जाळी. 1929 साली मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांनी असल्या प्रेसचं पेटंट घेतलं. आजही तो तसाच चालतो. जास्तीचे पैसे जातात ते बाहेरच्या चौकटीचे. तेव्हा दुकानात आधी दांड्याचा स्क्रू फिरवून जाळी सुटते का बघ. सुटली नाही तर चोथा आत अडकतो, त्यातलं तेल खवट होतं आणि पुढच्या कॉफीला वास मारतो. जाळीची कड काचेला सगळीकडून टेकायला हवी. काच बोरोसिलिकेट हवी, आणि फुटली तर नुसती काच मिळेल का, तेही विचारून ठेव. खोक्यावर ‘आठ कप’ लिहिलेलं असतं ते सव्वाशे मिलिलीटरच्या कपाच्या हिशेबाने. तुम्हा दोघांना 350 मिलिलीटरचा बास.

आता पावडर. फिल्टर कॉफीची चिकोरीवाली बारीक पूड यात घालू नकोस. ती जाळीतून खाली येते, नाहीतर जाळीत बसते आणि दांडा हलत नाही. मग जोर लावला की गरम कॉफी अंगावर! जाड रव्याइतकी भरड दळून माग, चिकोरीशिवाय. 350 मिलिलीटरला पोहे खायच्या चमच्याने चार चमचे, म्हणजे साधारण 20 ग्रॅम. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबून ओत, चार मिनिटं ठेव आणि दांडा हळूहळू दाब. लगेच सगळी कपांत ओतून टाक. आत राहिली तर कडू होत जाते. स्टीलच्या प्रेसमध्ये गरम राहते खरी, पण कडवटपणा तिथेही वाढतोच.

आणखी एक. तुझं नवं घर मांजरी गावात, आणि तिथे कितीतरी सोसायट्यांचं पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं. त्या जड पाण्याने कॉफी बेचव लागते आणि काचेवर पांढरा थर धरतो. पिण्याचं फिल्टरचं पाणीच वापर. थर आलाच तर कोमट पाण्यात लिंबूफूल घालून अर्धा तास ठेव, निघतो. चोथा सिंकमध्ये मात्र ओतू नकोस, पाइप तुंबतो. कंपोस्टच्या बादलीत टाक.

सासूबाईंचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे ना? मग त्यांना ही प्रेसची कॉफी रोज नको. कागदी फिल्टर नसल्यामुळे कॉफीतलं तेल कपात उतरतं आणि त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढू शकतं. त्यांची वेलची-जायफळ घातलेली दुधाची कॉफी पातेल्यातच कर, इन्स्टंट पावडरची; तिच्यात हे तेल नावालाच असतं. दूध प्रेसमध्ये ओतून जाळी चिकट करण्यात काय अर्थ आहे?

माझं म्हणशील तर साधा, जाळी सुटणारा प्रेस घे आणि वाचलेल्या पैशात ताजी भाजलेली कॉफी आण. एका वेळी पावशेरच. महिन्याभरात संपव, मग दुसरी आण.