मोबाईल स्टार्टर कधी लागतो, कधी लागत नाही : खोट कशी शोधावी?

सभासद बंधू-भगिनींनो,

नांदेड-लातूर भागात विहिरी व बोअरवर मोबाईलने चालणारे स्टार्टर बरेच बसले आहेत. रात्रपाळीची लाईट आली की घरूनच मोटार लावता येते, अंधारात विंचू-सापाच्या वाटेने जावे लागत नाही. परंतु गटात फिरताना एक तक्रार वरचेवर ऐकू येते : "साहेब, पेटी कधी उचलते, कधी उचलत नाही." पुरती बंद पडलेल्या यंत्राची खोट लवकर सापडते. अधूनमधून दगा देणाऱ्याची मात्र पद्धतशीर शोधावी लागते. उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली तर उसाची वाढ खुंटते, म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत.

आपला फोन, टॉवर, पेटीतले सिम, पेटीतले कार्ड, कॉन्टॅक्टर आणि मोटार अशी ही साखळी आहे. कोणती कडी सुटते हे कळल्याशिवाय पेटी बदलू नये.

पहिले काम वहीचे. आठ दिवस दर वेळी चार गोष्टी लिहाव्यात : वेळ, तिन्ही फेज होते की नाही, फोनवर काय ऐकू आले, मोटार लागली की नाही. मग वही वाचावी.

१) रिंग जाते, पण मोटार लागत नाही. म्हणजे टॉवर व सिम ठीक, खोट पुढे आहे. रात्री साऱ्यांच्या मोटारी एकदम लागतात, व्होल्टेज पडते आणि पेटी मोटार जळू नये म्हणून तिला अडवते. एक फेज गेला किंवा विहिरीचे पाणी तुटले तरी तसेच होते. हा बिघाड नव्हे, राखण आहे. घरातल्या दुसऱ्या फोनवरून लागत नसेल, तर तो नंबर पेटीत नोंदलेला आहे का ते पाहावे.

२) लाईट गेली की फोन 'बंद' सांगतो. पेटीतली बॅटरी उतरलेली असते. टॉवरशी बोलताना पेटीतले कार्ड क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढते. जुनी बॅटरी तेवढा देत नाही, आणि सिम सुटते. टॉवरची बॅटरी कमजोर असली तरी हेच घडते. त्याच कंपनीचे सिम असलेला फोन पेटीजवळ नेऊन पाहावा. त्यालाही रेंज नसेल, तर पेटीचा दोष नाही.

३) वेळेचा काही मेळ बसत नाही. रेंज काठावरची असते. लोखंडी पेटी लहरी अडवते, म्हणून अँटेना बाहेर व उंचावर असावी. बालाघाटाच्या उतारावर, मांजरा-मन्याडच्या खोलगट काठांवर हे विशेष पाहावे. अँटेनाचा पेच व सिमची बैठक तपासावी. पेटीत मुंग्या, पाली शिरतात, भोके बुजवावीत.

४) महिन्याकाठी एकदा बंद पडते. २८ दिवसांचा रिचार्ज संपलेला असतो. तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लिहावी.

५) नवे सिम घातल्यापासून बंद. अनेक पेट्या टू-जीवर चालतात. जिओचे टू-जी जाळे नाही, त्यामुळे ते सिम अशा पेटीत चालत नाही.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा व दोन दिवस पाहावे. सिम, बॅटरी, अँटेना एकदम बदलले तर खोट कशात होती ते कळत नाही, आणि ती पुन्हा येते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वारणा परिसरात १९९८ साली सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे तिथल्या सात गावांत संगणकाऐवजी मोबाईल संदेशावर उसाची माहिती देऊन पाहिली. संदेशाचा गुण असा, की रेंज नसली तर तो वाटेत थांबतो आणि रेंज आली की पोचतो. वजनाचा आकडा अर्ध्या तासाने आला तर बिघडत नाही. मोटारीचे तसे नाही. आपण संदेश पाठवला, मोटार लागली नाही, म्हणून पाहायला विहिरीत उतरलो. तोच रेंज आली तर मोटार आपोआप सुरू होईल. पेटी 'ऑटो'वर असली तर लाईट येताच हेच होईल.

म्हणून पेटीला, केबलला किंवा पाइपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवावेत, टेस्टरने पाहावे व घरी सांगून जावे. फोन खिशात आहे म्हणजे लाईन बंद आहे, असे समजू नये. डीपीवरचे काम वायरमनचेच.

एवढे करूनही खोट सापडली नाही, तर वही घेऊन गट कार्यालयात यावे. शेतकी विभागाचे कर्मचारी ती पाहून पुढची दिशा सांगतील. पेटी आणण्याआधी वही आणावी, ही विनंती.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी